गाडी मोकळी आहे

त्या बिल्डिंगमध्ये मामांना मामा म्हणत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण त्यांना मामा म्हणायची, तिसऱ्या मजल्यावरच्या क्लासची पोरं मामा म्हणायची, आणि ज्यांना खरं तर मामांनीच काका म्हणायला हवं असे पिकल्या केसांचे लोकही खुशाल मामा म्हणून हाक मारायचे. सख्खा भाचा मात्र एकच होता. ही गोष्ट त्या भाच्याची. गोष्ट चांगली नाही, आधीच सांगून ठेवतो, मागाहून मला बोल लावू नका.

मामांचं काम तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्या लावण्याचं. लावण्याचं म्हणजे ढकलण्याचं. जागा तीस गाड्यांची आणि रोज येणार पंचेचाळीस, तेव्हा पंधरा गाड्या कुणाच्या ना कुणाच्या वाटेत उभ्या राहणार हे ठरलेलंच. येणाऱ्या प्रत्येकाला मामा सांगायचे, "हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवू नका, मोकळी सोडा आणि निवांत जा." मग कुणाला बाहेर पडायचं असलं की मामा आडवी गाडी दोन हात पुढं ढकलायचे, तिच्यामागची तीन हात मागं, आणि कोपऱ्यात अडकलेली गाडी अलगद सुटायची. किल्ली नको, इंजिन नको, आरडाओरडा नको. फरशीला कुठं किती उतार आहे ते मामांच्या तळव्यांना पाठ होतं. एकोणतीस वर्षांत एका गाडीला ओरखडा नव्हता. ढकलण्याआधी ते काचेला नाक लावून आत बघायचे, हँडब्रेकचा दांडा खाली आहे का. खाली असला की लावला खांदा. एवढं साधं शास्त्र होतं.

तळघरातच, रस्त्यावर जाणाऱ्या चढणीला लागून, एक खोली होती. तिथं मामा आणि मामी राहायचे. खोली नोकरीबरोबरची, म्हणजे नोकरी गेली की बिऱ्हाड रस्त्यावर. भाच्याची आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि बापानं केव्हाच हात वर केले होते. मामांनी त्याला या खोलीत आणला. तिघांना झोपायला पुरत नव्हती, म्हणून मामा पुढची सहा वर्षं बाहेर, दोन गाड्यांच्या मधे झोपले. मामी कधी बोलली तर म्हणायचे, "अगं, इथं हवा छान येते." तळघरात कसली आलीय हवा!

गाडीही मामांनीच शिकवली. ती चढण मोठी खट होती. वर पोहोचलं की समोर लगेच फूटपाथ आणि रस्ता, त्यामुळं प्रत्येक गाडीला ऐन टोकावर, नाक आभाळाकडं करून थांबावंच लागायचं. तिथून पुन्हा निघताना भल्याभल्यांना घाम फुटायचा, गाडी मागं घसरायची, मागचा बोंबलायचा. मामांनी भाच्याला एक जुनी पुराणी गाडी घेऊन तिथंच उभं केलं. "क्लच हळू सोड. गाडीनं जरा नाक उचललं की मग हँडब्रेक सोड. घाई कराल तर खाली याल." आणि स्वतः गाडीच्या मागं, बंपरला नडग्या टेकवून उभे राहिले. "मागं आलास तर माझ्या नडग्या जातील, दुसरं काही नाही," म्हणाले. पोरगं रडायला आलं. एकदा रेडिओच्या नादात गाडी वीतभर घसरली, तेव्हा मामांनी पुढं येऊन खिडकीतून अशी टपली हाणली की कानात घंटा वाजली. "दीडशहाण्या, गाणी कसली ऐकतोस, गाडीचं ऐक!" सगळ्या बिल्डिंगसमोर. भाचा आठ दिवसांत शिकला. पण ती टपली आणि ते दीडशहाण्या तो विसरला नव्हता, हेही खरं. माणसाचं मन असंच असतं, सहा वर्षं बाहेर झोपलेला मामा त्यात मावत नाही आणि एक टपली बरोबर मावते.

पुढं भाच्याला नोकरी लागली ती तळमजल्यावरच्या टाइल्सवाल्या शेठकडं, ड्रायव्हर म्हणून. हा शेठ बिल्डिंगच्या कमिटीचा चेअरमनही होता. आठ महिन्यांपूर्वी त्यानं एक स्पोर्ट्स कार घेतली. गडद हिरवी, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. बसायचं म्हणजे आधी कमरेची परवानगी घ्यावी लागायची. भाचा तिच्यावर जीव टाकायचा. मऊ फडकं स्वतःच्या खिशात ठेवायचा, घरी बायकोला त्या फडक्याला हात लावू द्यायचा नाही.

त्या गाडीला क्लच नव्हता आणि हँडब्रेकचा दांडाही नव्हता. दांड्याच्या जागी नखाएवढं बटण. वर ओढलं की मागच्या चाकांत बारीक घुर्र व्हायचं आणि ब्रेक लागायचा, दाबलं की सुटायचा. इंजिन बंद केलं की गाडी आपणहून ब्रेक लावून घ्यायची, आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडला की आपणहून सोडायची. आता अशी गाडी मामांनी ढकलायची कशी? तर भाच्यानं पुस्तक वाचून त्यावर तोड काढली होती. ब्रेकवर पाय ठेवून न्यूट्रल धरायचं, मग पडद्यावर गाडी विचारायची, नक्की का, खरंच का, सासऱ्यानं जावयाची करावी तशी चौकशी. दोनदा हो म्हटलं की सुटायची. रोज सकाळी भाचा गाडी अशी मोकळी करून ठेवायचा आणि मामा ती बिनघोर ढकलायचे. काचेतून बघायचे मात्र जुन्या सवयीनं, आणि हसायचे. "हिच्यात बघायला काही ठेवलंच नाही रे. हिचा हँडब्रेक म्हणजे तू. तू सांगशील ते खरं."

एका शनिवारी दुपारी शेठ स्वतः गाडी चालवत होता. शेजारी साडू, आणि वर फूटपाथवर दोन मित्र गाडी बघायला उभे. चढणीच्या टोकावर शेठ थांबला. मामांनी नेहमीप्रमाणं मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवला. ठोकळ्याला दोरी बांधलेली असायची, गाडी गेली की मामा ओढून घ्यायचे. प्रत्येक गाडीला करायचे, त्यात मानापमानाचं काही नव्हतं.

पण शेठला झोंबलं. काच खाली करून म्हणाला, "मामा, ते लाकूड काढा. बैलगाडी आहे का ही? ही गाडी उतारावर स्वतःला धरून ठेवते."

"किती वेळ धरते साहेब?" मामांनी सहज विचारलं. खोचक बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"किती वेळ म्हणजे? धरते म्हणजे धरते. बघा." आणि शेठनं ब्रेकवरचा पाय काढला, वर दोन्ही हात खिडकीबाहेर काढून दाखवले.

चढणीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या भाच्यानं ते बघितलं. त्याला ठाऊक होतं, ते हिल होल्ड दोन-तीन सेकंदच धरतं, ब्रेकवरचा पाय ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत. कायमची धरायची तर बटण ओढायला लागतं. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, तोवर एक झालं, दोन झालं, आणि तिसऱ्याला गाडी मागं आली आणि ठोकळ्यावर ढप्पकन बसली. साडूचं डोकं सीटवर आपटलं.

"धरली साहेब," मामा म्हणाले. "ठोकळ्यानं."

वरचे मित्र पोट धरून हसले. साडू हसला. दुचाकीवरून चाललेला एक अनोळखी माणूस थांबून हसला. शेठही हसला, पण दात दाखवण्यापुरता. एवढ्याशा गोष्टीवरून कुणी डूख धरतं का, असं तुम्ही म्हणाल. धरतं. ज्याला आयुष्यात कुणी हसलेलंच नाही तो पहिलं हसू जपून ठेवतो.

सोमवारी शेठनं भाच्याला शेजारी बसवून त्या बटणाची सगळी माहिती विचारली. कधी लागतं, कधी सुटतं, बाहेरून कळतं का. भाच्यानं हौसेनं सांगितलं. बाहेरून काही कळत नाही शेठ, आत एक लाल दिवा लागतो, तोही काळ्या काचेतून दिसत नाही. शेठ म्हणाला, "वा, हुशार आहेस." भाचा फुगला.

त्यानंतर महिनाभरात कमिटीत विषय निघाला, की मामा आता एकसष्टचे झाले, एखाद्या दिवशी गाडी हातातून सुटली तर जबाबदार कोण? एजन्सीचे दोन दांडगे गडी ठेवावेत आणि ती खोली गोदामाला घ्यावी. गोदाम कुणाचं? टाइल्सचं, आणखी कुणाचं. डॉक्टरीण एकटी भांडली. म्हणाली, मामांशिवाय पंचेचाळीस गाड्या लावून दाखवा, मग बोला. तेव्हा शेठ मोठ्या मनाचा आव आणून म्हणाला, "बरं, मग परीक्षाच घेऊ. येत्या रविवारी सकाळी, सगळ्यांसमोर. मामांनी तीन गाड्या ढकलून दाखवायच्या. ढकलल्या तर कायम. नाही तर त्यांनीच सांगावं काय करायचं ते."

मामांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. मामीला म्हणाले, "तीनच? मला वाटलं दहा सांगतील."

शनिवारी शेठनं भाच्याला केबिनमध्ये बोलावलं. समोर चहा ठेवला. ड्रायव्हरला शेठनं चहा ठेवला की समजावं, कपात चहा नाही.

"उद्या शेवटची गाडी आपली असेल," शेठ म्हणाला. "तू ब्रेक लावून ठेव. मामांनी विचारलं की सांग, मोकळी आहे."

भाचा बघतच राहिला. "शेठ, पण मग... त्यांची नोकरी..."

"अरे, मी चेअरमन आहे ना? कोण काढतंय त्यांना? जरा गंमत. त्या दिवशी त्यांनी आमची केली, आम्ही त्यांची करू. मामाला एकदा मामा बनवला की संपलं. मग सगळे हसू, मी स्वतः बटण दाखवीन, त्यांच्या पाठीवर थाप मारीन." मग चहाची बशी भाच्याकडं सरकवत म्हणाला, "गाडी किती जपतोस तू. दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचं माझ्या जिवावर येईल बघ."

भाच्यानं विश्वास ठेवला असं मी म्हणणार नाही. त्यानं विश्वास ठेवायचं ठरवलं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, अगदी तळाशी, त्याला हेही वाटलं, की एकदा मामांचीही चारचौघांत जिरली तर काय बिघडलं. वाटलं, लगेच लाजही वाटली, पण वाटलं ते वाटलंच.

रविवारी सकाळी तळघर रिकामं होतं. चढणीच्या पायथ्याशी, जिथं जमीन जेमतेम चढती होते, तिथं तीन गाड्या उभ्या केल्या. कमिटीचे पाच जण खुर्च्या टाकून बसले. मामी खोलीच्या दारात उभी राहिली. मामांनी धुतलेला शर्ट घातला होता, मामीनं इस्त्री केलेला. ढकलायला इस्त्रीचा शर्ट! भाच्याला तो शर्ट बघवेना. त्यानं आधीच येऊन गाडी बंद केली होती, बटण वर ओढलं होतं, घुर्र झालं होतं, लाल दिवा लागला होता.

पहिली गाडी डॉक्टरीणबाईंची. मामांनी काचेतून दांडा बघितला, खांदा लावला, गाडी गेली. दुसरी क्लासवाल्या सरांची, जड, सात माणसांची. मामांनी तिला आधी जरा मागं येऊ दिलं आणि त्या झोक्याचाच जोर घेऊन पुढं सारली. सरांनी टाळ्या वाजवल्या. "बघितलंत?" डॉक्टरीण शेठला म्हणाली. शेठ म्हणाला, "बघतोय ना."

मग मामा हिरव्या गाडीपाशी आले. काचेतून बघितलं, हसले, आणि भाच्याकडं वळले. "सोडलीस ना रे?"

"हो मामा. मोकळी आहे."

मामांनी खांदा लावला. गाडी हलली नाही. त्यांनी पवित्रा बदलला, पाय मागं रोवले, पुन्हा लावला. गाडी ढिम्म. बुटाचे तळ फरशीवर करकरले. मामांनी मान वर करून भाच्याकडं बघितलं. राग नव्हता, संशय नव्हता, नुसतं विचारणं होतं. "नक्की ना?"

आता बोलायचं होतं. इथं, या क्षणी. "थांबा मामा, चुकलं माझं, राहिलाय ब्रेक," एवढे सहा शब्द. भाच्यानं शेठकडं बघितलं. शेठ चष्मा पुसत होता.

"नक्की मामा," भाचा म्हणाला. "दोनदा बघितलं."

मामांनी बूट काढले. अनवाणी पायांनी फरशी धरली, पाठ गाडीला लावली आणि डोळे मिटून रेटलं. मानेच्या शिरा टरारल्या, चेहरा लाल झाला, मग काळसर. तोंडातून बारीकसा आवाज निघाला, ओझं उचलताना बाईच्या तोंडून निघतो तसा. मामी दारातून दोन पावलं पुढं आली आणि थांबली. आता शेठ उठेल, भाचा मनात म्हणत होता, आता हसेल, आता सांगेल. शेठ उठला नाही.

"पुरे, मामा, पुरे!" डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठली. "अहो, बघा तरी, तिचा ब्रेकच लागला असेल."

आणि उत्तर मामांनी दिलं. धापा टाकत, गाडीच्या टपावर हात ठेवून. "नाही हो ताई. भाच्यानं बघितलंय. गाडी मोकळी आहे."

मामांनी आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि उलटसुलट करून बघितले. मग खाली बसून बूट घालू लागले. नाडी बांधायला त्यांना फार वेळ लागला.

"चला," शेठ म्हणाला, "झालं ते झालं. वय कुणाला चुकलंय. चल रे, काढ गाडी."

भाचा आत बसला. इंजिन चालू केलं, पाय ठेवला, आणि गाडीनं ब्रेक आपणहून सोडला. पुरावाही तिनंच पुसून टाकला. चढणीच्या टोकावर भाचा थांबला, रस्ता बघितला, निघाला. केसभरही मागं आली नाही. आरशात त्याला मामा दिसले, जमिनीवर बसूनच गाडीकडं बघत होते आणि मान डोलावत होते. पोरगं चढणीवरून छान काढतं, याचं कौतुक होतं ते.

रस्त्यावर आल्यावर भाचा म्हणाला, "शेठ, तुम्ही सांगणार होतात."

"सांगणार होतो रे," शेठ म्हणाला. "पण मामा स्वतःच म्हणाले ना, गाडी मोकळी आहे. आता मी त्यांना चारचौघांत खोटं पाडू? बरं दिसलं असतं का?" आणि पट्टा लावून त्यानं रेडिओ चालू केला. संध्याकाळपर्यंत कमिटीचं पत्र निघालं. महिनाअखेर खोली रिकामी करावी, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार.

तीन दिवस भाच्यानं कसेबसे काढले. शेठवर चिडून झालं, गाडीवर चिडून झालं, बायकोवर उगाच खेकसून झालं. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो खोलीवर गेला. मामा खाटेवर बसले होते. मामी भांडी पोत्यात भरत होती. कोपऱ्यात पाण्याची भरलेली कळशी होती. मामी म्हणाली, "जरा ती इकडं द्या." मामांनी कळशीकडं बघितलं आणि म्हणाले, "तूच घे बाई. माझ्या हातून सांडेल." चार दिवसांपूर्वी सात माणसांची गाडी सारलेला माणूस कळशीला भीत होता. ते बघून भाच्याच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. बटण, लाल दिवा, शेठचा चहा, दोनदा बघितलं म्हणून सांगितलं ते खोटं. "मामा, ब्रेक लागलेला होता. मी लावला होता. तुमच्यात काही कमी नव्हतं. दहा माणसं लागली असती तरी ती हलली नसती."

मामांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग हसले, आणि भाच्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"गप रे," म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून स्वतःवर बालंट घेतोस?"

"मामा, शपथ—"

"शपथा घालू नकोस खोट्या. मी सांगतो तुला काय झालं. पहिला खांदा लावला ना, तेव्हा हाताला लागलं, की चाक धरलेलं आहे. अगदी तस्संच लागलं. मी म्हटलं, अरे, ब्रेक आहे की. पण तू तर समोर उभा राहून सांगत होतास, मोकळी आहे. म्हणजे तू खरा तर हात खोटे. एकोणतीस वर्षं ज्या हातांनी खोटं सांगितलं नाही, ते सांगायला लागले. हात खोटं बोलायला लागले की माणसानं गाडीला हात लावू नये. उद्या कुणाला चिरडलं असतं मी. बरं झालं, वेळेवर कळलं."

"पण हात खरे होते, मामा!" भाचा जवळजवळ ओरडला.

"तू लहानपणापासून असाच," मामा मामीकडं वळून म्हणाले. "मनानं फार हळवा. अगं, याला काहीतरी दे, चेहरा बघ कसा झालाय पोराचा."

मामी पोत्यावर वाकलेली होती. तिनं मान वर केली नाही, काही दिलंही नाही. भाचा उठला आणि बाहेर आला. तो चढणीपर्यंत पोहोचला नसेल, तोच मागून मामीच्या चपला वाजल्या. तिनं दार ओढून घेतलं होतं.

"आत बोललास ते खरं ना?" तिनं हळू आवाजात विचारलं.

भाच्यानं मानेनंच हो म्हटलं.

"वाटलंच होतं. रोज यांचे खांदे मी शेकते. शनिवारी ठणठणीत होते, रविवारी कसे गेले?" तिनं पदरानं तोंड पुसलं, रडत नव्हती. "मला त्याच दिवशी वाटलं. पण म्हटलं, नको, असं नसेल. हा असं नाही करणार."

"मामी, मी त्यांना गाडीपाशी घेऊन जातो. बटण दाखवतो, दिवा दाखवतो. कमिटीला सांगतो. मग तरी पटेल. माझी नोकरी गेली तर जाऊ दे."

"आणि पटल्यावर?"

भाचा चढणीकडं बघत राहिला.

"ऐक," मामी म्हणाली. "म्हातारपण ते सोसतील. सगळ्यांना येतं, त्यांना जरा लवकर आलं म्हणतील. खोली गेली तेही सोसतील, माझ्या बहिणीच्या गच्चीवर दोन खोल्या आहेत, तिथं जाऊ. पण त्यांच्या नाकातोंडातून फेस येत होता आणि तू चार हातांवर उभा राहून बघत होतास, हे त्यांना पटलं ना, तर ते उठायचे नाहीत खाटेवरून. एवढं एकच माणूस कमावलंय त्यांनी. ते त्यांच्यापासून मी काढून घेऊ देणार नाही. पुन्हा हा विषय काढायचा नाही. तुझ्या छातीवर दगड आहे तो तुझ्याच छातीवर राहू दे. त्यांच्या अंगावर टाकून तू हलका होऊ नकोस."

"मग मी काय करू, मामी? येऊ नको का पुन्हा?"

"येऊ नको? वा! म्हणजे तुला सुटकाच हवीय." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला, मग तिनं दाराकडं बघून तो खाली आणला. "यायचं. दर रविवारी यायचं. दोन बस बदलाव्या लागतात, बदलायच्या. येऊन त्यांच्यासमोर बसायचं. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतील, भाचा असावा तर असा, माझ्यासाठी स्वतःवर आळ घ्यायला निघाला होता. ते ऐकायचं. मान खाली घालायची नाही, नाहीतर त्यांना संशय येईल. हसायचं."

"किती दिवस?"

"ते आहेत तोवर."

आतून मामांची हाक आली. "अगं, गेला का तो? चहा न देता पाठवू नकोस हं पोराला!"

"आले, आले," मामी मोठ्यानं म्हणाली. तिनं दार उघडलं, आणि भाचा आत जाईपर्यंत ते धरून उभी राहिली.